विधीची टोपली आणि गेंदाबाईची भिंत

"आपण ऑर्डर दिली की माल दारात," फुलचंदशेठ म्हणाले. मेहंदीच्या मांडवात टोकाला बसलेल्यांनाही ऐकू जावं म्हणून त्यांनी आवाज चढवला. "आजवर उशीर नाही, तुटफूट नाही. बन्सीलालजी, उद्या बघालच तुम्ही."

बन्सीलालजी म्हणजे शेठचे धुळ्याचे साडू. गेल्या वर्षी त्यांच्या मुलीचं लग्न झालं. नवरी वरून पाळण्यात बसून खाली उतरणार होती. अर्ध्यात आली आणि लाइट गेली. पाहुणे जेवून, हात धुऊन, मुखवास खाऊन परत आले तरी नवरी वरच. अमळनेरच्या बाजारात फुलचंदशेठचं भांड्यांचं दुकान. तिथे चमचा घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही हा किस्सा ऐकल्याशिवाय सुटका नव्हती. म्हणून आता बन्सीलाल समोरच्या खुर्चीत बसून, पापड मोडत, उद्याची वाट बघत होते.

"बघू की," ते म्हणाले. "टोपली आली का पण?"

तेवढ्यात शेठचा फोन वाजला. टेम्पोवाला चुडामण. त्याला दुपारीच टोपली आणायला रावेरकडे धाडला होता. शेठनी मुद्दाम स्पीकर लावला.

"बोल चुडामण! माल कुठं आहे?"

"माल दारातच शे, शेठ."

शेठनी बन्सीलालकडे बघून भुवई उडवली.

"पन दाराच्या मझार शे," चुडामण म्हणाला. "बाहेर निंघत नही. टोपलं मोठं शे नं दार धाकलं शे."

बन्सीलालनी हातातला उरलेला पापड एकदम तोंडात टाकला.

आता ही टोपली काय भानगड होती ते सांगायला पाहिजे. या लग्नात विधीला कुणी काही विचारलंच नव्हतं. मुलगा धुळ्याचा, मनन. तो शेठच्या थोरल्या बहिणीनं, इंदिराभुआनं शोधला. तो बरा निघाला हे विधीचं नशीब. हॉल सोनगीरजवळ, हायवेवर. तो शेठनी ठरवला. जेवणात काय असावं आणि काय नसावं हे पण भुआनं, म्हणजे कांदा, लसूण, बटाटा काही नाही, आणि सूर्य मावळायच्या आत सगळी पंगत उठलेली. शालूचा रंग आईनं, तारादेवींनी निवडला, मग दोन माम्यांनी बदलला. शेवटी एक दिवस शेठना वाटलं, पोरीलाही काहीतरी विचारावं.

"तुला काय पाहिजे गं?"

"मला गेंदामावशीच्या टोपलीत बसून यायचंय," विधी म्हणाली. जणू कधीपासून तोंडात धरून ठेवलं होतं.

कॉलेजच्या शिबिरात ती सातपुड्याच्या पायथ्याशी आंबापाड्यावर राहिली होती. तिथे पावरा आदिवासी बायका बांबूच्या टोपल्या विणतात आणि रावेरच्या बाजारात आणतात. गेंदाबाई त्यातली एक. तिच्या घरात धान्याची कणगी विणायचं काम चाललं होतं. विधी त्या अर्धवट कणगीत जाऊन बसली, आणि गेंदाबाई तिच्याभोवती विणत राहिली. त्याचा फोटो विधीच्या मोबाइलवर होता. त्यात ती अशी हसत होती की शेठनी पहिल्यांदा विचारलं, "ही कोण?"

इव्हेंटवाल्यानं थर्माकोलची टोपली सुचवली होती, आत लोखंडी पाइप, बाहेर गुलाब. विधी म्हणाली, मग मी चालतच येते. शेठ म्हणाले, "नाही, टोपलीतच येशील. गेंदाबाईच्याच. दिला शब्द." आणि स्वतः एकदा पाड्यावर जाऊन ऑर्डर देऊन आले. शब्द शेठनी आजवर व्यापाऱ्यांना दिले होते, बँकेला दिले होते. पोरीला दिलेला हा पहिलाच.

आणि तो आता दारात अडकला होता.

*

लग्नाच्या दिवशी पहाटे शेठ निघाले. गाडी नव्हती. सगळ्या गाड्या त्यांनीच पाहुण्यांना वाटून टाकल्या होत्या. त्यातली सगळ्यात चांगली बन्सीलालना, जळावेत म्हणून. मग शेठ एसटीनं निघाले. परत येऊन कपडे बदलायला वेळ कुठला, म्हणून लग्नाचा मोतिया रंगाचा जोधपुरी कोट अंगातच होता आणि साफा पिशवीत. कंडक्टर सारखा वळून बघत होता. शेवटी त्यानं विचारलंच.

"वरात कुठंय, शेठ?"

"पुढं गेली," शेठ म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

रावेरच्या स्टँडवर चुडामण टेम्पो घेऊन उभा होता. तिथून केळीच्या बागांतून, मग बागा संपल्यावर दगडधोंड्यातून, आंबापाडा. गेंदाबाई अंगणात तंबाखू मळत बसली होती, शेजारी तिची जाऊ रेलीबाई. गेंदाबाई कुणालाच अहोजाहो करत नसे. कलेक्टर आले होते तेव्हा त्यांनाही केलं नव्हतं.

"आला का सेठ? नवरदेवासारखा आला."

शेठ वाकून आत गेले. दार एवढं बुटकं की साफा घातला असता तर दारातच राहिला असता. आणि आत ती टोपली. घर आणि टोपली यांच्यात चालायला जागाच नव्हती. हिरवट पिवळ्या बांबूची, काठावर तांबड्या पट्ट्यांची नक्षी, पोट फुगलेलं, कंबरेएवढी उंच. अशी देखणी वस्तू की शेठना क्षणभर भांडायचंच सुचेना. मग सुचलं.

"बाई, ही घरात का विणली?"

"मग कुठं विणू? उन्हात बांबू वाळतो, तडकतो. कणगी घरातच विणतात. जिथं विणली तिथंच ऱ्हाते."

"अगं पण ही कणगी नाही! ही टोपली! ही सोनगीरला जायचीय!"

"तू सांगितलं, कणगीसारखी पाहिजे. मोठी पाहिजे. मी बसलो तरी मोडायला नको म्हणाला." गेंदाबाईनं शेठच्या कोटाच्या बटणांकडे बघितलं. "मी तुझं पोट पाहून घेतलं होतं."

रेलीबाई तोंडात पदर कोंबून बाहेर पळाली.

मग प्रयत्न सुरू झाले. टोपली आडवी केली, तर दार अडवून बसली. तिरपी केली, तर आढ्याला लागली. चुडामण बाहेरून दोर बांधून ओढायला लागला. शेठनी आतून जोर लावायचं ठरवलं आणि तेवढ्यात टोपली गडगडली, शेठ तिच्यात. आत सगळं गुळगुळीत. धरायला काही नाही. पाय वर, बूट वर. शेठ उठायला बघत, टोपली डोलायची, शेठ परत तळाशी.

"मजबूत शे," दारातून डोकं घालून चुडामण म्हणाला.

"मला काढ!"

काढल्यावर चुडामणनं उपाय सांगितला. काठ थोडा कापायचा, एवढासा, टोपली बाहेर काढायची, कापलेलं फुलांनी झाकून टाकायचं. कुणाला समजणारसुद्धा नाही.

गेंदाबाईनं तंबाखू थुंकली. "टोपली कापतो? नाही. भिंत काढ."

"भिंत?" शेठ म्हणाले. "कुणाची भिंत?"

"माझी. तुझी कशी काढणार?"

शेठ अमळनेरचे. त्यांच्या लेखी भिंत म्हणजे सिमेंट, नगरपालिका, शेजाऱ्याशी कोर्ट. गेंदाबाईच्या लेखी भिंत म्हणजे मोठं विणकाम. बांबूच्या कामट्या उभ्याआडव्या विणायच्या, वर माती आणि शेण लिंपायचं, खांबाला बांधायचं. तिनं आणि रेलीबाईनं कोयत्यानं बंध कापले. चार पोरी धावत आल्या, त्यांनी खालून उचललं. आणि शेठ "घर पडेल, घर पडेल" म्हणेस्तोवर समोरची भिंत चटईसारखी अंगणात पडली, दारासकट. शेठच्या कोटावर शेणमातीचा धुरळा.

उजेड आत गेला. चूल, मडकी, दोरीवरची लुगडी, देवाचा कोपरा, सगळं एकदम रस्त्यावर आल्यासारखं दिसायला लागलं. एक शेळी येऊन आत बघून गेली. शेठनी मान दुसरीकडे वळवली. दुसऱ्याच्या घरात असं कधी बघितलं नव्हतं त्यांनी.

टोपली डुलत बाहेर आली. टेम्पोच्या फळीला मात्र जागोजागी खिळे वर आलेले.

"खाले काहीतरी टाकनं पडी," चुडामण म्हणाला, "नही ते बूड फाटी जाई." आणि आजूबाजूला बघून त्यानं, टेम्पोत टाकण्यासारखी जी एकच सपाट वस्तू तिथे पडली होती, ती उचलायला सुरुवात केली.

"ही?" शेठ म्हणाले.

"ने," गेंदाबाई म्हणाली. "पण आण. रात्री डोंगरावरून वारा सुटतो."

"बाई," शेठ म्हणाले. भिंतीशिवायच्या घरासमोर उभं राहून त्यांना एकदम काहीतरी मोठं बोलावंसं वाटलं. "उद्या सकाळी तुमची भिंत तुमच्या दारात."

"दार भिंतीतच हाय," रेलीबाई म्हणाली.

टेम्पो निघणार, तर गेंदाबाईनं हात आडवा केला. रिकामी टोपली घरातून जात नाही, म्हणाली. कुणी नेली तर मूठभर ज्वारी तरी टाकायची. लग्नाची असली तर जास्त. ती मागच्या बाजूला गेली आणि झाकणाची एक छोटी टोपली उराशी धरून आली. ती मोठीच्या तळाशी ठेवली आणि ओल्या कामट्यांनी अशी घट्ट विणून टाकली की दोन्हींचं एकच झालं.

"रस्त्यात लवंडायला नको. पोरीनं उघडायची. तू नाही."

"नाही नाही."

"शब्द?"

आज सगळे शब्दच मागत होते. शेठनी दिला.

*

पाड्यावरून खाली उतरताच वारा लागला. एवढी मोठी, एवढी हलकी टोपली. ती टेम्पोत पतंगासारखी उठायला लागली. दोर बांधले, तरी काठ वर जायचा. चुडामणनं गाडी थांबवली, मागे आला, टोपलीकडे बघितलं, शेठकडे बघितलं.

"वजन पाहिजे शेठ."

"दगड टाक."

"दगडनी टोपली फाटी जाई. मऊ वजन पाहिजे."

अशा रीतीनं विधीच्या आधी विधीचा बाप त्या टोपलीत बसला. मोतिया जोधपुरी, मांडीवर साफ्याची पिशवी, एक हात छोट्या टोपलीवर, म्हणजे ती हलू नये. सावद्याजवळ केळीच्या ट्रकांची रांग लागलेली. घड उचलणारी पोरं घड खाली ठेवून उभी राहिली.

"ओ शेठ! नवीन पॅकिंग आहे का?"

"कच्चे की पिकलेले?"

"पिकेल शे, पिकेल!" चुडामण खिडकीतून ओरडला.

कुणीतरी मोबाइल काढला. यावल येईपर्यंत तो व्हिडिओ जळगावला पोचला होता, आणि चोपड्याच्या अलीकडे तारादेवींचा फोन आला.

"अहो, तुम्ही कशात बसलाय?"

"तुला कुणी सांगितलं?"

"बन्सीलालजी सगळ्या टेबलांवर जाऊन दाखवतायत. तिसऱ्यांदा बघितलं मी. विधी तयार होऊन बसलीय. सूर्याकडे लक्ष ठेवा. भुआ पंगत थांबवणार नाहीत."

"आलोच," शेठ म्हणाले, आणि त्यांच्या हाताखालची छोटी टोपली म्हणाली, "कुर्र्र."

शेठनी फोन बंद केला. टोपलीही गप्प झाली. शेठनी बोटानं तिला हळूच टकटक केलं.

"कुर्र्र्र्र," टोपली म्हणाली, या वेळी रागानं.

त्यांनी केबिनवर दणादण हात आपटले. चुडामण मागे आला, कान लावला, आणि त्याचं तोंड कानापर्यंत पसरलं.

"खुडूक कोंबडी शे, शेठ. अंड्यावर बठेल शे."

शेठ टोपलीतून कसे बाहेर आले ते त्यांनाही सांगता येणार नाही. सकाळी दोन माणसं लागली होती. आता एका उडीत रस्त्यावर.

"अंडी? मी अंड्यांबरोबर बसून आलो? सावद्यापासून?"

"पाड्यापासून."

"काढ! आत्ता काढ! पोरगी बसायचीय त्यात!"

"काढस की," चुडामण म्हणाला, आणि कोयता शोधायला लागला. मग थांबला. झाकणाच्या विणीला त्यानं पुन्हा कान लावला. "पन शेठ, आतमझार पिलू टोचा मारी ऱ्हायनं. आज उद्या निंघतीन. आते कोंबडी उठाडी ते अंडा थंडा व्हई जातीन. सगळा पिलं मरतीन. माले काय, मी मराठा शे, मी अंडा खास बी. तुम्हीच सांगा."

चोपड्याच्या रस्त्याच्या कडेला शेठ मातीनं माखलेल्या जोधपुरीत उभे राहिले. घरी मुंगी चालली तर पाय उचलून धरणारा माणूस. अंडं पोरीच्या लग्नात न्यायचं नाही, आणि अंडं मारायचं पण नाही. त्यांनी भुआला फोन लावला. पलीकडे सनई. शेठनी सगळं सांगितलं.

"अंडी," भुआ म्हणाल्या.

"हो."

"जिवंत?"

"टोचा मारतंय म्हणतो."

"फुलचंद, तू ते आणलंस ते पाप. आता फेकलंस तर त्याहून मोठं. पंचेंद्रिय जीव आहे तो. कोंबडीला उठवायचं नाही. धक्का लागू द्यायचा नाही. गाडी हळू चालवा."

"हळू चालवली तर सूर्य मावळेल, भुआ."

"सूर्य माझ्या हातात नाही," भुआ म्हणाल्या. "आणि ते स्वयंपाकाच्या बाजूनं आणू नका." फोन बंद.

मग तो प्रवास. वाऱ्यानं टोपली उडू नये म्हणून शेठना आत बसणं भाग. आत कोंबडीशेजारी बसायचं, पण तिला गुडघा लागू द्यायचा नाही. खड्डा आला की शेठ दोन्ही हातांनी टोपली उचलून धरायचे, म्हणजे स्वतःच्या बुडाखालची, ते जमायचं नाही, तरी धरायचे. चुडामणनं जोरात चालवली की शेठ ओरडायचे, "अरे जीव आहे!" हळू चालवली की ओरडायचे, "अरे सूर्य!" अमळनेर मागे पडलं, दुकानाच्या शटरसमोरून ते टोपलीतूनच गेले. बाजारातले सगळे बाहेर येऊन उभे. एकानं तर नमस्कार केला. शेठनी उलट नमस्कार करायला हात सोडला, आणि तेवढ्यात कोंबडीनं विणीतून चोच काढून मनगटाला मारली.

*

सोनगीरचा किल्ला दिसला तेव्हा सूर्य त्याच्याच बाजूला उतरायला लागला होता. हॉलसमोर टेम्पो थांबला. चार चुलतभाऊ पळत आले, टोपली उतरवली, उचलली, हॉलच्या दाराशी नेली.

काचेचं दार होतं. दोन्ही झडपा उघडल्या. टोपली लागली आणि थांबली.

गर्दीतून बन्सीलाल पुढे आले. हातात केशरी दुधाचा ग्लास.

"वा फुलचंदजी," ते म्हणाले. "माल दारात."

शेठनी मॅनेजरला हाक मारली.

"भिंत काढा."

"काय काढा?"

"ही. समोरची. काढतात. सकाळी मी बघितलंय, काही होत नाही. परत लावता येते."

मॅनेजरनं तारादेवींकडे बघितलं. तारादेवींनी शेठच्या कपाळाला हात लावून बघितला.

"शेठ, ही आरसीसी आहे," मॅनेजर म्हणाला.

"मग असं कसं बांधलं तुम्ही?" शेठ ओरडले. त्यांचा आवाज फाटला. "एक गोष्ट मागितली होती पोरीनं! सगळ्या लग्नात एक!"

तेवढ्यात विधीच बाहेर आली. कुणी बोलावलं नव्हतं. शालूचा घोळ दोन्ही हातांत धरून ती पायऱ्या उतरली. टोपली बघितली, बापाला बघितलं. केसात बांबूचा भुसा, कोटावर शेण, मनगटावर चोचीची खूण.

"पप्पा, टोपली आत कशाला न्यायची? मी बाहेरच बसते. लॉनवर. ज्यांना यायचंय ते येतील बाहेर."

"आत कोंबडी आहे," शेठ म्हणाले. "अंडी आहेत. मी उघडली नाही. तुलाच उघडायची सांगितलंय."

विधी टोपलीत उतरली, गुडघ्यावर बसली, झाकण वर केलं. तपकिरी कोंबडी, पंख फुगवलेले, डोळा लाल. तिनं विधीच्या मेहंदीच्या हाताकडे बघितलं आणि चोच मारायचा विचार रद्द केला. तिच्या पोटाखालून एक ओलं डोकं बाहेर आलं.

विधी हसली. फोटोतल्यासारखी. मेहंदीपासून आत्तापर्यंत तिच्या तोंडावर जे चाललं होतं त्याला सगळे हसणंच समजत होते. आता कळलं की ते नव्हतं.

"मी हिच्याशेजारी बसते," ती म्हणाली. "उचला."

पुढचं लग्न असं झालं. डीजेवाल्यानं गाणं लावलं तर भुआ काठी टेकत त्याच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, "कोंबडी उठेल." मशीन बंद. फटाके बंद. टाळ्या बंद. चार भावांनी टोपली उचलली आणि पाहुणे पाय न वाजवता बाजूला सरकत गेले. एवढ्या गुपचूप नवरी आलेली खान्देशात कुणी पाहिली नव्हती. सूर्य मावळायच्या भीतीनं निम्मे पाहुणे ताट हातात घेऊन उभे होते. हार घालताना मनन वाकला, कोंबडीनं त्याच्या फेट्याचा तुरा ओढला आणि सोडलाच नाही. मनन तसाच वाकून उभा राहिला.

"ओढू नका, जावईबापू," भुआ म्हणाल्या. "जीव आहे."

मनन आणि विधी, दोघंही हसून हसून हार पाडायच्या बेतात होते. बन्सीलालना मोबाइल काढायचंही सुचलं नाही, कारण हातात ताट होतं.

एक अडचण मात्र राहिली होती. सजवलेलं स्टेज हॉलच्या आत, आणि लग्न बाहेर. फोटोत मागे पार्किंग येत होतं. डेकोरेशनवाला प्रेमराज हुशार माणूस. त्यानं इकडेतिकडे बघितलं, टेम्पोत एक विणलेली, मातीचा रंग असलेली मोठी सपाट वस्तू दिसली. दोन पोरांकरवी ती आणवली, उभी केली, झेंडूच्या माळा सोडल्या, दाराच्या चौकटीत 'विधी वेड्स मनन' असं लाइटचं लावलं. फोटो इतके झकास आले की बन्सीलालनी स्वतः विचारलं, "हा बॅकड्रॉप कुठून आणला?"

"रावेरहून," शेठ म्हणाले. त्यांनी साफा डोक्यावर चढवला. दिवसभरात पहिल्यांदा त्यांनी खुर्चीला पाठ टेकली.

*

सकाळी शेठना जाग आली ती फोननं. आंबापाड्यावरून गेंदाबाई.

"पोरगी बसली?"

"बसली."

"हसली?"

"हसली, बाई. फार हसली. टोपली धुळ्याला गेली, कोंबडी पण. जावयाच्या व्हरांड्यात आहेत. पिलं निघाली सगळी."

"मला माहीत होतं. रेली विचारते, भिंत निघाली का? रात्री शेळ्या आत येऊन निजल्या. मी पण त्यांच्यातच निजले. ऊब होती, पण वास हाय."

"निघालीच समजा," शेठ म्हणाले. त्यांचा आवाज आपोआप दुकानातला झाला. "आपण शब्द दिला की माल दारात. चुडामण टेम्पो घेऊन उभाच आहे."

चुडामण खरोखर उभा होता. टेम्पो रिकामा होता. दोघं तडक सोनगीरला गेले. लॉनवर झेंडूच्या पाकळ्या होत्या आणि एक माणूस त्या झाडत होता. मॅनेजर म्हणाला, प्रेमराजनं पहाटेच सगळं सामान भरून नेलं, त्याचं नंदुरबारला आज दुसरं लग्न आहे.

प्रेमराजचा फोन दुपारी लागला. भिंत तिथल्या हॉलच्या दारातून आत जात नव्हती, म्हणून त्यानं ती मधोमध कापली होती.